काळ्या शेंगांची ढेप

आश्विन सरत आला की मी आभाळाकडे जरा वाकड्या नजरेनंच बघतो. पाऊस गेला, असं तोवर सगळ्यांनी धरलेलं असतं. छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात, उन्हाला तो पिवळा धारदारपणा आलेला असतो, आणि मग एखाद्या दुपारी अजिंठ्याच्या डोंगरांकडून ढगांचा एक गठ्ठा हळूच वर येतो. जाता जाता विसरलेलं काही न्यायला परत आल्यासारखा. चार दिवस राहतो. हे चार दिवस मला सोसत नाहीत.

परवा नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून देऊळघाटकडे चाललो होतो. डांबरी रस्त्याची एक बाजू मक्यानं पिवळीधमक झालेली. दाणे वाळत घातलेले आणि मधून पायवाट सोडलेली. ढग आले तशा बायका ताडपत्र्या घेऊन धावल्या, पण ताडपत्री पुरेपर्यंत मका भिजला होता. आम्ही एका टपरीच्या आडोशाला थांबलो. पाऊस उघडल्यावर ओल्या धान्याचा तो कोंदट, आंबूस, किंचित गोडसर वास आला आणि मी रुमाल नाकाशी धरला. नातू म्हणाला, "आजोबा, त्रास होतो का? घरी जायचं?" मी म्हटलं, चल. त्याला काय सांगणार? वासाचं वय वाढत नाही. मी ऐंशी पार केली, तो वास अजून बावीस-तेवीस वर्षांचाच आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या अगदी नव्या. त्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता म्हटलं तरी चालेल. मी अमडापूरचा. मॅट्रिक झालो, जनावरांच्या खात्याचं शिक्षण केलं आणि बुलढाण्याला स्टॉकमन म्हणून लागलो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. बैलांना लसी टोचायच्या, गावोगाव हिंडायचं, वह्या भरायच्या. पण खेड्यात सायकलवरून पेटी घेऊन येणारा तो डॉक्टरच. लोक मला डाक्टरसाहेब म्हणत आणि मी ते म्हणू देत असे. सुरुवातीला ओशाळायला व्हायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली तिथंच चुकलं असावं.

त्या वर्षी कोंबड्यांची योजना आली. गावठी कोंबडी नव्हे, पांढरीशुभ्र, लाल तुऱ्याची विलायती जात. नाव लेगहॉर्न, लोक तिला लेगान म्हणत. ज्या गावात महिला मंडळ असेल तिथल्या बायकांना पिल्लं द्यायची आणि ती कशी वाढवायची हे आम्ही शिकवायचं. देऊळघाटच्या महिला मंडळात मी भाषण केलं. अंड्यात काय काय असतं, मुलांची हाडं कशी मजबूत होतात, सगळं छापील कागदावरून. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. कोण घेणार असं विचारल्यावर एकमेकींकडे बघू लागल्या. मागच्या ओळीतून एक उभी राहिली. तिशीची असेल, हात मातीनं रापलेले, आवाज स्वच्छ.

"मी घेतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका तसंच बोलतात, घेतो, जातो. "पण मले सांगा, शिकवाले तुमी येसान न?"

"येईन की. दर आठवड्याला येईन."

ती अनसूयाबाई. घरचा मळा पैनगंगेच्या काठाला. नवरा किसनराव भाजीची पाटी घेऊन बुलढाण्याच्या बाजारात जायचा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, आणि खरिपात दोन तुकडे भुईमूग. अर्जावर तिनं सही केली. गावातल्या प्रौढ वर्गात दोन महिने जाऊन ती सही करायला शिकली होती. अ काढला, न काढला, मग सू काढताना जरा थांबली, दीर्घ उकार देताना हाताला झटका बसला आणि कागद किंचित फाटला. बाकीच्या बायका वाकून बघत होत्या. त्यांतल्या एकीनं मला बजावून सांगितलं, "अनसूयाच्या जगल्या तं आमी बी घेऊ." म्हणजे एका घरच्या कोंबड्यांवर अख्ख्या गावची योजना टांगलेली होती.

पण त्या घरात एक अडचण होती. अनसूयाबाईंचे सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, सकाळी कपाळाला बुक्का. घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. त्या घरात कोंबड्या! पण सून काही मागणारी नव्हती, आणि पहिल्यांदा काही मागितलं तेव्हा आबांना नाही म्हणवेना. त्यांनी अट घातली. खुराडं घरापासून लांब, मळ्याच्या बांधाला. अंडं घरात शिजायचं नाही. आणि मी खाद्याचा कागद वाचून दाखवला तेव्हा आणखी एक अट आली. त्या कागदात मका होता, ज्वारी होती, कोंडा होता, ढेप होती आणि सुक्या मासळीचा चुरा होता.

"मासोळी?" आबा म्हणाले. "ना बाप्पा. कोंबड्या आल्या, ठीक हाय. मासोळी माया मळ्यात येनार नाई."

मी त्यांना समजावू लागलो. पिल्लांच्या वाढीला ताकदीचं अन्न लागतं, वगैरे. आबा ऐकत राहिले आणि शेवटी तेच म्हणाले. मग मी शहाणपणा केला. खिशातून पेन्सिल काढली, मासळीच्या ओळीवर काट मारली आणि तिच्याऐवजी शेंगदाण्याच्या ढेपेचं प्रमाण दुप्पट केलं. पुस्तकात तसं होतंच. मासळी नसेल तर ढेप वाढवावी. पश्चिमेकडे जिला पेंड म्हणतात ती आमची ढेप. शेंगदाण्यातलं तेल निघाल्यावर घाण्यात उरतो तो घट्ट, तपकिरी चोथा. गुराढोरांना तिच्याएवढं पौष्टिक दुसरं काही नाही, हे मला आजोबांपासून माहीत होतं. आबांचा मान राहिला, पिल्लांची सोय झाली. कागद परत देताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

आणि मग तो आश्विनातला पाऊस आला.

भुईमूग उपटून झाला होता. वेलांचे ढीग वावरात, शेंगा वर करून वाळायला ठेवलेले. चार दिवस पाऊस. ढीग आतून तापले, हात घातला तर चटका बसावा इतके. पाचव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मी मळ्यावर गेलो. घरातल्या आणि शेजारच्या बायका अंगणात गोल करून शेंगा तोडत बसल्या होत्या. एक एक शेंग कानाशी नेऊन हलवायची, दाणा वाजला की एका सुपात, नाही वाजला की दुसऱ्या. पांढऱ्या शेंगांचा ढीग एका बाजूला, काळपट पडलेल्यांचा दुसऱ्या. काळा ढीग मोठा होता. काही शेंगांवर हिरवट-पिवळा बुरा चढला होता, मखमलीसारखा.

अनसूयाबाईंनी त्यातली मूठभर उचलून नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि मूठ माझ्यापुढं धरली.

"डाक्टरसाहेब, याइचं काय करू? फेकून देऊ का? वास येऊन राह्यला."

मी वास घेतला. तोच कोंदट, गोडसर वास.

"फेकता कशाला?" मी म्हणालो. "उन्हात खडखडीत वाळवा आणि घाण्यावर घाला. तेल तुम्हाला, ढेप कोंबड्यांना. कोंबडी काय चव बघते?"

बायका हसल्या. अनसूयाबाईही हसल्या. मूठ त्यांनी परत ढिगात टाकली.

एवढंच झालं. माझ्या आयुष्यातलं एक वाक्य, तेही गमतीत बोललेलं. पुढं मी नोकरीत शेकडो भाषणं केली असतील. त्यांतलं एकही मला आठवत नाही. हे एक आठवतं, त्यातल्या स्वरासकट.

दिवाळी झाली आणि पिल्लं आली. एस.टी.च्या टपावरून नव्हे, मी मांडीवर खोका ठेवून आणली. पुठ्ठ्याला भोकं, भोकांतून चिवचिवाट, आणि कंडक्टर म्हणे याचं अर्धं तिकीट काढा. पन्नास पिल्लं. कापसाच्या बोंडासारखी, पिवळट. खुराड्यात गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं होतं, वेताच्या मोठ्या टोपल्याखाली कंदील टांगून ऊब केली होती. पिल्लं टोपल्याच्या कडेनं गोल करून बसली आणि एकदम गप्प झाली. अनसूयाबाई गुडघ्यांवर बसून बघत होत्या. "झोपले बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आवाज असा की पाळण्यापाशी बोलावं.

आबा पहिले आठ दिवस तिकडं फिरकले नाहीत. एकादशीच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. खुराड्याचं दार सैल राहिलं आणि दोन-तीन पिल्लं थेट अंगणात, तुळशीच्या ओट्यावर. आबा आंघोळ करून पाणी घालायला आले तर वृंदावनाच्या कडेला पिल्लाची विष्ठा. त्यांचा संताप झाला. मी तेव्हा मळ्यावरच होतो. तांब्या हातात तसाच धरून ते ओरडले, "मरतीन एक दिवस ह्या साऱ्या! मरतीन तवाच या घराले सुक लागन!"

अनसूयाबाईंनी पिल्लं ओच्यात घेतली, ओटा धुतला, शेणानं सारवला.

गंमत अशी, की त्यानंतर पंधरा दिवसांत आबा त्या कोंबड्यांचे झाले. कसे ते कोणाला कळलं नाही. एकदा घार घिरट्या घालत होती म्हणून काठी घेऊन बांधावर गेले आणि मग रोजच जाऊ लागले. पिल्लांना पंख फुटत होते, अंगावर पांढऱ्या-पिवळ्याचं ठिगळकाम. आबा उन्हाला पाठ देऊन बसत, काठी आडवी मांडीवर, आणि पिल्लं त्यांच्या पायांवरून चालत. एका पिल्लाला त्यांच्या धोतराची किनार टोचायचा नाद होता. मी गेलो की ते मला त्याच्या तक्रारी सांगत. "हे लय डांबरट हाय, डाक्टर. मले उठू देत नाई." आयुष्यभर ज्याला शिवायचं नाही म्हणून ठरवलं, ते म्हातारपणी असं पायाशी येऊन बसलं होतं.

योजनेतून मिळालेलं पिल्लांचं खाद्य तीन आठवड्यांत संपलं. मग घरचं सुरू झालं. घाण्यावरून ढेप आली होती. तपकिरी, तेलकट, खमंग. बुरा नाही, डाग नाही, वास तर इतका छान की मोडून तोंडात टाकावीशी वाटे. मी स्वतः पहिलं मिश्रण करून दाखवलं. फरशीवर ओतून, दोन्ही हातांनी खालीवर करून.

मार्गशीर्षाच्या थंडीत पहिलं पिल्लू मेलं. त्याआधी दोन दिवस ते कोपऱ्यात उभं राहत होतं, पंख खाली सोडून, घोंगडी पांघरलेल्या माणसासारखं. मी म्हटलं, थंडी बाधली. खुराड्याला पोती लावा. पोती लावली. आठवड्यात सहा मेली. मी म्हटलं, मानमोडी असेल, कोंबड्यांची ती नेहमीची साथ. लस पुन्हा देऊ. दिली. मरणं थांबेना. काही लंगडू लागली. मरताना पाय मागे ताणायची, मान पाठीकडे वळायची. मी म्हटलं, रक्ती हगवण दिसते, कुटार बदला. अनसूयाबाईंनी सगळं कुटार काढून जाळलं, चुना मारला, नवं पसरलं. त्यांच्या हातांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, पाण्याची भांडी उकळून घेता का? तर म्हणाल्या, "रोज उकळतो." मला त्या उत्तराचा रागच आला. त्यांची काही चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

उरलेली पिल्लं वाळत चालली. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागे. खात नव्हती. मी ओंजळीत धरून बघितली आणि म्हणालो, "अशक्तपणा आहे. ढेप आणखी वाढवा. गरम पाण्यात भिजवून, गोळ्या करून चोचीत भरा."

आणि त्यांनी भरली. दर दोन तासांनी एकेक पिल्लू मांडीवर घेऊन, चोच उघडून, बोटानं ढेपेचे छोटे गोळे आत सारत. आबा शेजारी बसून पाण्याची वाटी धरायचे. मी ते दृश्य डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नको नको म्हणून मान फिरवणारी पिल्लं आणि "खाय माय, खाय, एवढं खाय" म्हणणारी ती बाई.

एक मेलेलं पिल्लू मी लिंबाखाली फळीवर फाडलं. यकृत काळसर लाल असायला हवं. हे सुजलेलं आणि फिकट, हळदीचं पाणी शिंपडलेल्या मातीसारखं, वर रक्ताचे बारीक ठिपके. असं मी कधी पाहिलं नव्हतं. बाटलीत घालून बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. हे खरे डॉक्टर. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, पुस्तक काढलं, पानं उलटली, पुस्तक मिटलं.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

त्यांचा प्रामाणिकपणा आज मला मोठा वाटतो. तेव्हा मी घाबरलो होतो. माझ्यावरच्या माणसालाही कळत नाही, तर मी कोणाकडं जाऊ? बाटली लांबच्या प्रयोगशाळेला पाठवली. उत्तर यायला महिना लागला. तोवर पौष उजाडला होता आणि खुराडं रिकामं होतं. शेवटचं गेलं ते धोतराची किनार टोचणारं. आबांच्या पायाशीच गेलं म्हणतात.

उत्तराचा कागद घेऊन मी देऊळघाटला गेलो. मानमोडी नाही, जंतू नाही, अमुक नाही, तमुक नाही. मी वाचून दाखवला. "रोगाचे कारण आढळले नाही."

"मंग मेल्या काऊन?" अनसूयाबाईंनी विचारलं. रागानं नव्हे. खरंच विचारलं.

मी कागदाची घडी घातली. तेव्हा लक्षात आलं, आबा आपल्या जागी बसले होते, बांधावर, उन्हाला पाठ देऊन, पण मी आल्यावर त्यांनी "या डाक्टर" म्हटलं नव्हतं. मी नमस्कार केला, त्यांनी नुसते हात जोडले. किसनरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पिल्लं मरायला लागल्यापासून आबा एकच म्हणत होते, मी बोललो म्हणून मेल्या. एकादशीच्या दिवशी, तुळशीपुढं, हातात पाण्याचा तांब्या असताना बोललो. शब्द लागला. आणि शेवटचं पिल्लू गेलं त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. भजनात टाळ वाजवत, पण ओठ मिटलेले. ज्या जिभेनं पन्नास जीव घेतले तिनं देवाचं नाव कसं घ्यायचं, असं त्यांना वाटे.

गावात तर वेगळंच चाललं होतं. माळकऱ्याच्या मळ्यात कोंबड्या घातल्या, दुसरं काय होणार! ज्या बायका थांबल्या होत्या त्यांनी अर्ज परत घेतले. अनसूयाबाई मंडळात येईनाशा झाल्या. आणि मी निघताना काय सांगून आलो? म्हणालो, "उरलेली ढेप वाया घालवू नका. वगारीला घाला." वगार म्हणजे त्यांच्या म्हशीचं छोटं पिल्लू. उन्हाळ्यात ते वाळून मेलं असं नंतर कानावर आलं. मला दोन गोष्टींचा संबंध तेव्हाही लागला नाही.

त्यानंतर माझी बदली लोणारला झाली. तिथं दुसरी गावं, दुसऱ्या वह्या. तीन-चार वर्षांनी आम्हाला एका मोठ्या शहरात प्रशिक्षणाला बोलावलं. अंधार केलेल्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवत होते. एक चित्र आलं. सुजलेलं, फिकट यकृत, रक्ताचे ठिपके. मी खुर्चीत ताठ झालो. शिकवणारे गृहस्थ शांतपणे सांगत होते. शेंगदाणा, मका ओलसर राहिला की त्यावर एक बुरशी वाढते. ती एक विष सोडते. अफ्लाटॉक्सिन. विलायतेत टर्की पक्षी असे मेले तेव्हा कळलं. शेंगा वाळवल्या तरी विष जात नाही, घाण्यात घातल्या तरी जात नाही. तेल निघून जातं आणि विष बरंचसं ढेपेत राहतं. ढेप दिसायला चांगली असते. वासानं कळत नाही. औषध नाही. ते खाणं बंद करणं, हाच उपाय.

शेजारचे लिहून घेत होते. माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मी ते खाणं बंद केलं नव्हतं. वाढवलं होतं. आधी मासळीच्या जागी, मग अशक्तपणावर, मग वगारीला. आणि पुढं हिशेब केला तेव्हा कळलं, की आमच्या त्या हंगामाच्या आधीच जगात कुठंतरी हे कोणाला तरी ठाऊक झालं होतं. फक्त ते देऊळघाटपर्यंत पोचलं नव्हतं. मी रागावू तरी कोणावर? आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस दोषी असतो का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता त्याचे शब्दच गुळगुळीत झालेत. पण वास आला होता हे खरं. त्या बाईला आला होता. ती फेकायला निघाली होती.

प्रशिक्षणाहून आलो आणि पहिल्या सुटीच्या दिवशी सकाळची एस.टी. पकडली. मेहकर, चिखली, बुलढाणा, पुढं देऊळघाट. सगळ्या वाटेभर मी वाक्य जुळवत होतो. मळा तसाच होता. मेथीचे वाफे हिरवेगार. खुराड्यात आता तुराट्या रचून ठेवलेल्या. अनसूयाबाई वांग्यांना पाणी देत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला, बाज टाकली. केसांत बरंच पांढरं आलं होतं. गळ्यात तुळशीची माळ होती, पूर्वी नव्हती.

मी एका दमात सांगून टाकलं. बुरशी, विष, ढेप. त्या ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर स्वतःच्या हातांवर गेली.

"म्हंजे म्या चारलं," त्या म्हणाल्या. "या हातानं. चोची उघडू उघडू."

वाटेभर जुळवलेल्या वाक्यांत हे नव्हतं. आबांवरचा बोल काढायला मी आलो होतो आणि तो उचलून या बाईच्या मांडीवर ठेवला होता.

"तुम्ही नाही," मी घाईनं म्हणालो. "मी सांगितलं म्हणून. तुम्ही विचारलं होतं मला. फेकू का म्हणून विचारलं होतं."

"इचारलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना आठवत होतं. मग म्हणाल्या, "तुमाले तरी कुठं मालूम होतं, डाक्टरसाहेब." आणि पुढं, "अन् तेल? त्याच शेंगाइचं तेल आमी वरीसभर खाल्लं."

मला सांगण्यात आलं होतं की विष बहुतेक ढेपेतच राहतं. बहुतेक म्हणजे किती, आणि उरलेलं कुठं जातं, हे मी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. निदान या वेळी तरी ते म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग उठल्या. "मामाजीले सांगा. माया सांगण्यानं काय होते? तुमी डाक्टर हा, तुमचं ऐकतीन."

"बोलतात का आता?"

"बोलतेत. साल झालं, ध्यानात काई राह्यत नाई त्याइच्या. इसरले म्हनून बोलतेत."

आबा घराच्या भिंतीला टेकून उन्हात बसले होते. खूप लहान झाले होते. मी खाली बसलो, कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणालो, "आबा, तुमच्या बोलण्यानं काही झालं नव्हतं. त्या विषानं मेल्या होत्या."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर एकदम भीती उतरली. "मेल्या? कोन मेलं?" त्यांनी माझं मनगट धरलं. "कोन मेलं, डाक्टर?"

मी अनसूयाबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. त्या काही खुणावत नव्हत्या. माझ्यावर सोपवलं होतं.

"कोनी नाई, आबा," मी म्हणालो. "कोनीच नाई मेलं."

"कोंबड्या?"

"चांगल्या हायेत."

"अंडे देऊन राह्यल्या?"

"देऊन राह्यल्या, आबा. लय देऊन राह्यल्या."

"मंग बरं," आबा म्हणाले. माझं मनगट त्यांनी सोडलं नाही. डोळे मिटून, चेहरा उन्हाकडं करून ते तसेच बसून राहिले, आणि परतीची गाडी चुकेपर्यंत मीही तिथून हललो नाही.